जाणत्यांचा मुलूख : वेल्समधील लोकजादू आणि तिचे आजचे वारस

उत्तर वेल्समधील ग्लोदाइथ नावाच्या वाड्याच्या बैठकीत १५९४ साली एक कागद सापडला. त्यावरचा मंत्र उलट्या क्रमाने लिहिलेला होता, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून ग्वेन व्हेर्ख एलिस या चाळिशीच्या बाईचे पुढचे सारे भवितव्य ठरून गेले. वाडा सर थॉमस मॉस्टिन या वजनदार जमीनदाराचा होता. ग्वेन ही बेटस गावची, सूत कातून आणि कापड विणून पोट भरणारी, फावल्या वेळात माणसांच्या व गुरांच्या दुखण्यांवर मलमे करून देणारी, आणि मंत्र घालणारी म्हणून पंचक्रोशीत ओळखली जाणारी बाई होती. तिचे मंत्र म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या आणि मेरीच्या नावाने केलेल्या प्रार्थनाच होत्या. मोबदला म्हणून ती रोख पैशांऐवजी घरात उपयोगी पडेल अशी एखादी वस्तू घेत असे. परंतु सुलटा मंत्र बरे करतो तर उलटा मंत्र बाधा करणारच, असा तर्क त्या काळी सर्वमान्य असल्यामुळे बाईला बिशपासमोर उभे करण्यात आले, तिची जबानी घेण्यात आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आणि जादूने एका माणसाचा जीव घेतल्याच्या आरोपावरून डेन्बी येथील न्यायसभेने तिला फाशीची सजा फर्मावली. चेटकाच्या गुन्ह्यासाठी वेल्समध्ये देहान्त शिक्षा झाल्याचा हा पहिला ज्ञात खटला होय.

आज वेल्समध्ये जे स्त्रीपुरुष स्वतःला उघडपणे लोकजादूचे उपासक म्हणवतात, आणि ज्यांची संख्या व ज्यांची पुस्तके दोन्ही गेल्या काही वर्षांत वाढत आहेत, त्यांच्या मनात ग्वेनला पूर्वजेचे स्थान आहे. हा वारसा सरळ हस्तांतरित झालेला नाही हे त्यांच्यातील विचारी माणसे स्वतःच सांगतात. मधले धागे अनेक ठिकाणी तुटलेले आहेत. काही ठिकाणी तर ते नंतरच्या माणसांनी कल्पनेने गुंफलेले आहेत. तरीसुद्धा ही परंपरा मला आदरास पात्र वाटते, कारण तिचा भार तिने कोणत्याही सर्वव्यापी सिद्धान्तावर टाकलेला नसून नाव असलेल्या एकेका तळ्यावर, झऱ्यावर, टेकडीवर आणि ती नावे ज्या भाषेत उच्चारली जातात त्या भाषेवर टाकलेला आहे.

ग्वेनची हकीकत आपल्याला कळते ती वेल्सच्या महान्यायसभांचे दफ्तर शाबूत राहिले म्हणून. १५४३ पासून १८३० पर्यंत चाललेल्या या न्यायालयांचे कागद आज अबेरिस्तविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १५३६ च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली होती, आणि वेल्श बोलणाऱ्या प्रजेचा न्यायनिवाडा तिला न कळणाऱ्या भाषेत होत होता; तरीही बदनामीच्या फिर्यादी नोंदवताना नेमके कोणते शब्द उच्चारले गेले याला महत्त्व असल्यामुळे, कारकुनांना ते वेल्श शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावे लागले. त्यामुळे शिव्याशाप, रुसवेफुगवे, आटलेली गाय, नासलेले लोणी आणि आजारी मूल यांनी भरलेले चारशे वर्षांपूर्वीचे खेडे त्या रुक्ष कागदांतून आज आपल्याशी बोलू शकते.

या दफ्तराच्या अभ्यासातून, विशेषतः रिचर्ड सगेट या इतिहासकाराच्या २००८ च्या ग्रंथातून, जी गोष्ट पुढे आली ती विलक्षण आहे. स्कॉटलंडमध्ये सुमारे चार हजार माणसांवर चेटकाचे आरोप झाले. वेल्समध्ये त्या संपूर्ण कालखंडात फाशी गेलेल्यांची संख्या अवघी पाच भरते. एक ग्वेन, १६२२ साली कायर्नार्व्हन येथे लीन द्वीपकल्पातील तीन सख्खी भावंडे, म्हणजे एक भाऊ व दोन बहिणी, आणि १६५५ साली अँगल्सी बेटावरील बोमॅरिस येथे एक बाई. मुलूख गरीब होता, अंधश्रद्धही होता, मग येथे चितांचे आणि फासांचे पीक का आले नाही? त्याचे उत्तर मला त्या समाजाच्या एका शिरस्त्यात सापडते. गाय दूध देईनाशी झाली आणि अमक्या म्हातारीचा राग भोवला असा संशय आला, तर त्या म्हातारीला सन्मानाने गोठ्यात बोलावून जनावरावर ‘देवाची कृपा असो’ असे म्हणावयास लावायचे, ही रीत सर्वत्र होती. तिने ते शब्द उच्चारले की बाधा सुटली, असे मानले जाई. आणि बाधा सुटो वा न सुटो, दोन घरांतील तेढ मात्र सुटत असे. अन्याय झालेल्याने गुडघे टेकून देवापाशी दाद मागावी, शाप द्यावा, यालाही लोकमानसात एक नैतिक अधिकार होता. त्यातच अनेक आपत्तींचे खापर माणसांवर न फोडता तलविथ तेग, म्हणजे डोंगरातील अदृश्य वस्तीत राहणारे सुंदर लोक, यांच्या माथी मारण्याची सोय होती. तंटा गावातच मिटत असल्यावर तो न्यायासनापुढे कशाला जाईल?

ज्याच्याकडे गावकरी अशा प्रसंगी धाव घेत, त्याला वेल्शमध्ये ‘दीन हस्बिस’ म्हणत. म्हणजे जाणता माणूस. हरवलेले जनावर कोठे आहे, चोर कोण, नजर कोणाची लागली, लग्न जमेल की नाही, हे सारे त्याला विचारावयाचे. या जाणत्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाले ते कार्मार्थनशरमधील कूर्ट-अ-कादनो येथील हॅरीस पितापुत्र. कोथी नदीच्या खोऱ्यातला हा प्रदेश अजूनही एकाकी आहे. रोमन लोकांनी जेथे सोन्याच्या खाणी खोदल्या ते दोलाउकोथी येथून जवळच. बाप जॉन हॅरीस १८३९ साली वारला, मुलगा हेन्री त्यानंतर दहा वर्षांनी. लोककथा सांगते की आपला अमक्या दिवशी अपघाताने अंत होणार हे जॉनला आधीच कळले होते, म्हणून त्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही. पण रात्री घराला आग लागली, आणि ती विझवताना शिडीवरून पडून तो गेला. त्याच्याकडे साखळदंडाने जखडलेला, कुलूप घातलेला एक मोठा ग्रंथ होता आणि वर्षातून एकदाच रानात मंडल आखून तो उघडला जाई, अशीही आख्यायिका आहे.

आख्यायिकेपेक्षा मला दफ्तर अधिक मोलाचे वाटते. हॅरीस घराण्याचे पुष्कळसे कागद राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले, आणि त्यांतून जो माणूस उभा राहतो तो डोक्यावर टोकदार टोपी घालणारा जादूगार मुळीच नव्हे. तो औषधे देतो, लॅटिन वाचतो, कुंडल्या मांडतो आणि येणीदेणी व्यवस्थित लिहून ठेवतो. हेन्री हॅरीसने आपल्या ऋणकोंना पाठवावयाच्या मागणीपत्राचा छापील नमुनाच करून ठेवला होता. अमुक तारखेपर्यंत रक्कम भरली नाही तर वसुलीसाठी प्रतिकूल उपाय योजले जातील, असा त्यातील मजकुराचा आशय होता. वकिलाच्या नोटिशीत हे शब्द किती निरुपद्रवी ठरले असते, आणि कूर्ट-अ-कादनोच्या जाणत्याकडून ते आल्यावर एखाद्या शेतकऱ्याची रात्रीची झोप कशी उडाली असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. विज्ञान, वैद्यक, ज्योतिष आणि मंत्र ही चार दालने तेव्हा एकाच घरात होती आणि त्यांच्यामध्ये भिंती नव्हत्या.

याच परंपरेची आणखी एक शाखा मध्य वेल्समधील लानगिरिग परिसरात नांदत होती. येथील जाणते कागदावर ताईत लिहून देत. त्यात लॅटिन आणि इंग्रजी यांचे मिश्रण असे, त्रैक्याची नावे असत, ग्रहांची चिन्हे असत आणि ‘अब्राकाडाब्रा’ हा शब्द एकेक अक्षर गाळत त्रिकोणात उतरवलेला असे. कागदाची घडी करून ती बाटलीत घालावयाची आणि बाटली गोठ्याच्या भिंतीत किंवा उंबऱ्याखाली पुरावयाची, म्हणजे गुरेढोरे सुरक्षित. जुनी घरे दुरुस्त करताना अशा बाटल्या आजही निघतात. लिहिणाऱ्याला सारे लॅटिन कळत होते असे त्या मोडक्या व्याकरणावरून वाटत नाही, आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याला तर एकही अक्षर लागत नसे. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्या कागदाने भयभीत माणसांना धीर दिला. त्याहूनही हृद्य वाटतो तो लोकरीच्या धाग्याचा उपचार. मन खचले, अन्नावरची वासना उडाली, माणूस उगाच झुरू लागला की त्याला हृदयाचा आजार जडला असे समजत, आणि मग उपचार जाणणारी व्यक्ती लोकरीचा धागा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तीनदा मोजत असे. धागा आखूड भरला तर आजार आहे, आणि जितका आखूड तितका तो खोल. मग तो धागा रुग्णाच्या गळ्यात बांधावयाचा, आणि तापलेले पोलाद बुडवून ऊन केलेल्या बिअरमध्ये केशर घालून ती प्यावयास द्यावयाची. योनाथन केरेदिग डेव्हिस याने १९११ मध्ये पश्चिम व मध्य वेल्सच्या लोकसमजुतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लिहिला जात असताना ही प्रथा जिवंत होती. ज्या काळात खिन्नतेला रोग म्हणून मान्यताच नव्हती, त्या काळात एका खेडवळ शहाणपणाने तिला नाव दिले, माप दिले आणि तिच्यासाठी कोणीतरी अर्धा तास शेजारी बसेल अशी तजवीज केली, हे मला फार मोठे वाटते.

सारेच असे सात्त्विक नव्हते, आणि त्यावर पांघरूण घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॉल्विन बे शहराजवळच्या लानेलिअन गावात संत एलिअनच्या नावाचा झरा आहे. मुळात तो रोगमुक्तीचा झरा. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची ख्याती शापासाठी झाली. ज्याचे वाईट व्हावे असे वाटे त्याचे नाव राखणदाराच्या वहीत लिहावयाचे, नावाची आद्याक्षरे पाटीच्या दगडावर किंवा गोट्यावर कोरून तो पाण्यात टाकावयाचा, आणि फी भरावयाची. मग आपले नाव झऱ्यात पडल्याची वार्ता त्या दुर्दैवी माणसाच्या कानी जाई, तो धास्तीने अंथरूण धरी, आणि नाव बाहेर काढण्यासाठी अधिक फी घेऊन त्याच राखणदाराच्या दारी येई. थॉमस पेनंट या अठराव्या शतकातील प्रवासी लेखकाला एका रागावलेल्या माणसाने या झऱ्यात नाव घालण्याची धमकी दिल्याची नोंद त्याने स्वतःच केली आहे. अखेर १८२९ मध्ये झरा बुजवण्यात आला. परंतु शेजारी राहणाऱ्या जॉन एव्हन्सने, ज्याला लोक जॅक फन्नोन एलिअन म्हणत, ते पाणी आपल्या बागेत वळवून धंदा पुढे चालू ठेवला, आणि १८३१ साली फसवणुकीबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. उतारवयात त्याला पश्चात्ताप झाला. त्याने आपली सारी कैफियत एका शिंप्याला सांगितली आणि ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. भीतीचा व्यापार कसा चालतो याचे इतके उघडे निवेदन लोकजादूच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे साहजिकच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि त्यासाठी आयुष्य वेचून प्राण गमावलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतील. आठवलेच पाहिजेत. देवऋषी आणि भगत यांच्या नावावर जे शोषण आपल्याकडे झाले, आणि ‘डाकीण’ ठरवून ज्या बायकांना मारझोड झाली, त्यांच्याकडे पाहिल्यावर जादू या शब्दाभोवती कोणतेही रम्य वलय निर्माण करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. वेल्समधील आजच्या उपासकांचे मी जे कौतुक करतो आहे ते या अटीवर, की त्यांच्यातील जबाबदार माणसे आजाऱ्याला डॉक्टरकडेच पाठवतात आणि संत एलिअनच्या झऱ्याची गोष्ट सांगताना त्यातील खंडणीही सांगतात.

आता एका सरोवराकडे वळू. दक्षिण वेल्समधील बन्नाय ब्रखेनिओग पर्वतराजीच्या पश्चिम टोकाला, तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या कड्याखाली, हिमनदीने कोरलेले लिन अ व्हान व्हाख नावाचे लहानसे तळे आहे. लानद्यूसांट गावावरून खडीची वाट चढत तेथे पोचता येते. तळ्याच्या तोंडाशी एक छोटे धरण दिसते. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरावयास सद्‌सद्विवेकाने नकार देणाऱ्या माणसांना त्याच्या कामावर राबवण्यात आले होते, आणि ते पाणी लानेली शहरासाठी होते. पण या तळ्याची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. ब्लाइन्साउदे येथील एका विधवेचा मुलगा येथे गुरे चारीत असता त्याला पाण्यावर केस विंचरणारी एक स्त्री दिसली. त्याने तिला आपली भाकरी देऊ केली. ती फार कडक म्हणून तिने नाकारली. दुसऱ्या दिवशी त्याने न भाजलेले पीठ नेले, तेही तिने घेतले नाही. तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेला पाव नेला, आणि ती त्याची झाली. तिच्यामागून तळ्यातून तिची गुरे आली. अट एकच होती : विनाकारण तीनदा हात लागला तर ती परत जाईल.

त्या तीन आघातांत ही कथा परीकथेची मर्यादा ओलांडते. बारशाला निघताना ती रेंगाळली म्हणून नवऱ्याने हातमोज्यांनी हलकेच थोपटले. लग्नात सारे आनंदात असता ती रडली तेव्हा त्याने खांद्याला स्पर्श करून विचारले. प्रेतयात्रेत ती हसली तेव्हा त्याने स्पर्श करून तिला गप्प केले. लग्नात नवदांपत्याची दुःखे आता सुरू होणार हे तिला दिसत होते. मरणात मेलेल्याची दुःखे संपली हेही दिसत होते. ती आपल्या एकेका गाईला नावाने हाक मारीत तळ्याकडे चालू लागली, आणि कापून टांगलेले वासरूसुद्धा जिवंत होऊन तिच्यामागे गेले. पुढे ती एकदा आपल्या मुलांना भेटावयास आली, आणि वैद्यांची दरी म्हणून आजही ओळखल्या जाणाऱ्या जागी तिने त्यांना एकेका वनस्पतीचे गुण शिकवले.

येथून कथा इतिहासात उतरते. मद्वाय या गावचा ऱ्हिवालोन आणि त्याचे तीन मुलगे हे १२३४ मध्ये मृत्यू पावलेल्या ऱ्हीस ग्रिग या राजपुत्राचे वैद्य होते, त्यांना जमिनी आणि हक्क मिळाले होते, आणि त्यांच्या नावाशी जोडलेले औषधीपाठ चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘हेर्गेस्टचा लाल ग्रंथ’ या हस्तलिखितात सापडतात. याच घराण्यातील म्हणून समजला जाणारा शेवटचा शस्त्रवैद्य १७३९ मध्ये वारला, आणि त्याचे नाव कोरलेली शिळा मद्वायच्या चर्चमध्ये आहे. पाण्यातील स्त्री आणि चर्चमधील शिळा यांच्यामध्ये पाच शतके एक घराणे जडीबुटी कुटत होते. अप्सरेची कथा खरी मानण्याची काहीच गरज नाही, पण त्या कथेमुळे एका वैद्यकुळाचे ज्ञान कोठल्या मातीत रुजले आहे हे कोणी विसरू शकले नाही. आजचे उपासक या तळ्याकाठी येतात, भाकरीचा तुकडा पाण्याला वाहतात आणि परत जातात. त्यांचे बहुतेक आचार असेच साधे आहेत, आणि तेच शोभतात.

परंतु लोकपरंपरेत खोटे नाणेही मिसळलेले आहे. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर योलो मोर्गानुग या नावाने प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड विल्यम्स या पाथरवटाने, खिशातील खडे मांडून, प्राचीन ड्रुइड पुरोहितांची म्हणून एक सभा भरवली. त्याने ती स्वतःच रचली होती, जशी त्याने पुष्कळ पद्ये, वचने आणि विधी रचून जुन्या हस्तलिखितांच्या नावावर खपवले होते. १८१९ मध्ये कार्मार्थन येथे ही सभा आइस्तेद्वोद या वेल्श साहित्यसंमेलनाला जोडली गेली, आणि आज तिच्याशिवाय त्या संमेलनाची कल्पनाही करवत नाही. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या विद्वानाने आयुष्यभराचे श्रम खर्चून हे बनाव उघडकीस आणले. मद्वायच्या वैद्यांचे पुस्तक १८६१ मध्ये छापले गेले त्याचा दुसरा भागही योलोच्याच कागदांवरून घेतलेला असल्यामुळे शंकास्पद ठरला. योलोविषयी माझ्या मनात राग नाही. ज्या राष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, दरबार नव्हता, त्याच्यासाठी त्याने एक भव्य भूतकाळ उभारला. पण उभारणारा हात लपवला, आणि त्याची किंमत पुढच्या प्रामाणिक अभ्यासकांना मोजावी लागली.

विसाव्या शतकात रॉबर्ट ग्रेव्ह्ज याने ‘व्हाइट गॉडेस’ या १९४८ च्या ग्रंथात वेल्श काव्यातून एक आदिम देवी शोधून काढली, जेराल्ड गार्डनर याने १९५४ च्या पुस्तकाने ‘विक्का’ हा आधुनिक चेटकपंथ जगापुढे आणला, आणि लवकरच केरिद्वेन, ऱ्हिआनन, ब्लोदायवेद ही नावे इंग्लंड-अमेरिकेतील पूजास्थानांवर विराजमान झाली. केरिद्वेनचेच पाहा. सोळाव्या शतकात एलिस ग्रिफिद याने लिहून ठेवलेल्या कथेत ती बाला येथील लिन तेगिद सरोवरापाशी राहणारी, जादूविद्या शिकलेली, आपल्या कुरूप मुलाला ज्ञान लाभावे म्हणून एक वर्ष आणि एक दिवस कढई उकळणारी आई आहे. देवी म्हणून तिची पूजा होत होती असे तेथे कोठेही नाही. अँगल्सीच्या ड्रुइड मंडळाचे प्रमुख क्रिस्तोफर ह्यूज, ज्यांची मातृभाषाच वेल्श आहे, त्यांनी २०२१ साली केरिद्वेनवर एक पुस्तक लिहिले, आणि हस्तलिखितांतील स्त्री कवींच्या व उपासकांच्या हातून देवी कशी होत गेली याचा प्रवास त्यांनी न लपवता मांडला. त्याच बेटावर वाढलेल्या माहरा स्टारलिंग यांचे वेल्श लोकजादूवरील पुस्तक २०२२ मध्ये आले, आणि त्यांनीही आयात केलेल्या विधींपेक्षा आजीआजोबांच्या समजुती, स्थानिक कथा आणि भाषा यांच्यावर भर दिला. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात राहू शकतात, याचा हा पुरावा मला आश्वासक वाटतो.

अँगल्सीला वेल्शमध्ये मोन म्हणतात. इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सेनापती स्वेटोनियस पौलिनस याने तेथील ड्रुइडांवर चाल केली तेव्हा किनाऱ्यावर मशाली घेतलेल्या, काळे नेसलेल्या स्त्रिया धावत होत्या, असे टॅसिटसने लिहिले आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, तेथे विमानतळासाठी दलदलीतला गाळ उपसताना लिन केरिग बाख या तळ्यातून तलवारी, भाले, रथांचे भाग असे दीडशेहून अधिक लोहयुगीन नग बाहेर आले. त्यातील एक साखळी इतकी मजबूत होती की कामगारांनी ती ट्रॅक्टरला बांधून चिखलात रुतलेल्या मोटारी ओढल्या; ती कैद्यांच्या मानेत अडकवण्याची दोन हजार वर्षांपूर्वीची साखळी आहे हे नंतर कळले. सिरिल फॉक्स याने या सामग्रीचा शास्त्रशुद्ध अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. तळ्याला काही अर्पण करण्याची चाल या भूमीत खरोखरच प्राचीन आहे, एवढे तरी योलोच्या मदतीवाचून सिद्ध झाले.

अर्पणाचा विषय निघाला म्हणून एक तक्रार नोंदवतो. झऱ्याकाठच्या झाडांना चिंध्या बांधण्याची चाल वेल्समध्ये जुनी आहे. दुखऱ्या भागाला ती चिंधी लावावयाची, मग फांदीला बांधावयाची. चिंधी जसजशी कुजेल तसतसे दुखणे ओसरेल, ही त्यामागची कल्पना. आता प्रवासी लोक नायलॉनच्या फिती आणि प्लॅस्टिकच्या माळा बांधून जातात. त्या कधीच कुजत नाहीत, फांदीचा मात्र गळा आवळतात. परंपरेच्याच हिशेबाने पाहिले तर ते दुखणे कायमचे बांधून ठेवणे झाले. विधीचा तर्क न समजता विधी केला म्हणजे काय होते ते सांगावयास यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

वर्षचक्रात आज सर्वांत जिवंत असलेला आचार मारी लुइडचा. घोड्याची कवटी काठीवर बसवावयाची, तिला पांढरी चादर आणि रंगीत फिती लावावयाच्या, जबडा दोरीने वाजता ठेवावयाचा, आणि नाताळ व नववर्षाच्या रात्री घरोघर जाऊन दाराबाहेरून पद्यात आव्हान द्यावयाचे. आतल्याने पद्यातच उत्तर द्यावयाचे. जो हरेल त्याने दार उघडावयाचे किंवा चालते व्हावयाचे. विल्यम रॉबर्ट्स या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने १८५२ मध्ये या ‘अंधारयुगीन’ प्रथेवर कडक टीका करणारे पुस्तक लिहिले, आणि ती किती निंद्य आहे हे दाखवण्यासाठी तिची पद्ये सविस्तर छापली. पुढे त्याच पानांवरून लोकांनी ती पाठ केली. ग्लॅमॉर्गनमधील लानगिनुइड गावाने ती जपली, आणि आता ती इतरत्र पुन्हा उभी राहिली आहे. पेम्ब्रोकशरमधील ग्वाउन खोरे तर १७५२ चा पंचांगबदल अजूनही मनावर घेत नाही. तेथील मुले १३ जानेवारीलाच नवे वर्ष म्हणून घरोघर गात फिरतात. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, ३१ ऑक्टोबरला, नोस गालान गायाव ही भुतांची रात्र येते. पूर्वी त्या रात्री टेकड्यांवर होळ्या पेटत, माणसे आपापल्या खुणेचा दगड निखाऱ्यांत टाकीत आणि सकाळी तो सापडतो का ते पाहत. होळी विझू लागली की शेपूटतुटकी काळी डुकरीण मागच्याला धरील म्हणून सारे घराकडे पळत सुटत.

हे सारे आज का परतत आहे? २०२१ च्या शिरगणतीत वेल्समधील ४६.५ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले, आणि ख्रिस्ती म्हणवणारे ४३.६ टक्के उरले. ज्या प्रार्थनामंदिरांनी लोकजादूला दटावले त्यांनीच वेल्श भाषा सांभाळली होती. ती आता गावोगाव बंद होत आहेत, आणि भाषा बोलू शकणारे १७.८ टक्के आहेत. त्यात भूमीच्या वियोगाचीही जखम आहे. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी संसदेने १९५७ मध्ये कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरीही १९६५ मध्ये त्रवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे संपूर्ण वेल्शभाषी गाव, त्याची शाळा, प्रार्थनामंदिर आणि स्मशान यांसह, जलाशयाखाली गेले. ज्या समाजाने जिवंत गाव पाण्यात बुडताना पाहिले, त्याला पाण्यातील वस्तीच्या कथा केवळ मनोरंजन वाटत नाहीत. अलीकडे राष्ट्रीय उद्यानांनी आपली इंग्रजी नावे मागे ठेवून वेल्श नावांनीच ओळखले जाण्याचे ठरवले, २०२२ मध्ये एररीने आणि २०२३ मध्ये बन्नाय ब्रखेनिओगने. आणि लोकजादूच्या उपासकांनी या निर्णयाचे जे स्वागत केले त्यात नुसती देशभक्ती नव्हती. नावाने हाक मारल्यावाचून गाय तळ्यात परत जात नाही, हे त्यांच्या कथेनेच त्यांना शिकवले आहे.

वारसा रक्तातूनच येतो असा दावा जेव्हा कोणी करतो, तेव्हा मला काटे बोस-ग्रिफिथ्स आठवते. जर्मनीतील विटेनबर्ग येथे १९१० साली जन्मलेली ही इजिप्तविद्येची विदुषी. आई ज्यू कुळातील, म्हणून नात्सी राजवटीत काटेची नोकरी गेली, आणि आई पुढे राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत मेली. काटे ब्रिटनमध्ये आश्रयाला आली, १९३९ मध्ये एका वेल्श विद्वानाशी विवाहबद्ध झाली, त्याची भाषा शिकली आणि त्या भाषेची लेखिका झाली. स्वान्सी येथील विद्यापीठात तिने इजिप्तमधील प्राचीन वस्तूंचा संग्रह वर्षानुवर्षे सांभाळला, ज्यात ताईतही होते, आणि १९७७ मध्ये जाणत्या माणसाच्या जगावर तिने एक पुस्तक लिहिले. ते तिने जर्मनमध्ये लिहिले नाही, इंग्रजीतही लिहिले नाही. ते तिने वेल्शमध्ये लिहिले. कूर्ट-अ-कादनोचे हॅरीस आणि गोठ्याच्या भिंतीतले कागद ज्यांना मुळातून समजून घ्यावयाचे आहेत, त्यांनी प्रथम ती भाषा शिकावी आणि मग हे पुस्तक उघडावे.